जिनिंगमधल्या चौदा कॅसेटी

१

ओमप्रकाशने पत्र्याच्या पेटीचं झाकण उचललं, आत हात घातला आणि तो हात तसाच आत राहिला.

"कॅसेटी कुठं गेल्या?"

पेटीत खाली अंथरलेलं वर्तमानपत्र होतं. त्याच्यावर काहीच नव्हतं. दुपारी बारा वाजता त्याने स्वतः चौदावी कॅसेट आत ठेवली होती, कुलूप लावलं होतं, चावी गळ्यातल्या गोफाला अडकवली होती. आता चार वाजले होते. कुलूप शाबूत, चावी गळ्यात, आणि अकरा दिवसांचा सिनेमा गायब.

२००३ सालचा भाद्रपद. आखाडा बाळापूरपासून कोसभर आत, कयाधूच्या काठाला बारा-पंधरा वर्षांपासून बंद पडलेली कापसाची एक जिनिंग होती. हिंगोलीत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवणाऱ्या ओमप्रकाशने भुताच्या सिनेमासाठी ती जागा मिळवली. गोष्ट साधीच. सासरचे लोक नव्या नवरीला जिनिंगमध्ये कोंडून मारतात आणि ती परत येते. सीडी काढायची, बाजाराबाजारात विकायची. पोळ्याला बाकीचे नट घरी गेले आणि त्यांच्यामागे नदीच्या वरच्या अंगाला पाऊस कोसळला. कयाधूचं पाणी तिन्ही बाजूंनी भिंतीला लागलं, चौथ्या बाजूच्या ओढ्याने रस्ता गिळला. आत सहा माणसं उरली.

त्यातली एक मंजुषा. विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवणारी, ओमप्रकाशच्या बायकोची मैत्रीण. सिनेमात तिचं काम वहीचं. कोणत्या सीनला नवरीच्या हातात किती बांगड्या होत्या, कंदील कुठल्या बाजूला होता, पदर ओला होता की कोरडा, हे सगळं ती टिपून ठेवी. पुढचा तुकडा चार दिवसांनी घेतला तरी तो जुळला पाहिजे. ओमप्रकाश त्याला कंटिन्युइटी म्हणे. कोणत्या कॅसेटवर काय आहे, तेही तिच्याच वहीत असे.

"आज गेले चार दिवस इथून कोंबडंसुद्धा बाहेर गेलं न्हाई," ओमप्रकाश म्हणाला. त्याचा आवाज आता फुटला होता आणि थांबत नव्हता. "म्हणजे चोर आतच हाय. कॅसेटीबी आतच हायत."

तो ताडताड गेटापाशी गेला. जिनिंगला एकच लोखंडी गेट. बारा फुटी भिंतीवर काचा रोवलेल्या. त्याने साखळी ओढली, कुलूप दाबलं आणि चावी खिशात टाकली.

"पाणी उतरू नाही तर चढू. कॅसेटी सापडल्याबिगर इथून कोणी हलायचं न्हाई."

२

संध्याकाळ होईपर्यंत त्याने सगळ्यांची गाठोडी उलटी केली. स्वयंपाक करायला आलेल्या मोतीबाईच्या पिठाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घातला. मोतीबाई जवळच्या तांड्यावरची, साठीच्या पुढची. तिने त्याचा हात लागलेलं पीठ बाजूला काढून ठेवलं. चौकीदार सटवाजीची खाट उसवली. कॅमेरामन देविदासच्या पिशव्या, बॉयलरचं तोंड, कापसातली सरकी काढायच्या यंत्रांची पोटं, आडात दोरीला बांधलेला आकडा. काही सापडलं नाही.

सकाळी पाणी उतरलेलं दिसलं. ओढ्यापलीकडे एक ट्रॅक्टर येऊन थांबला. वरच्या अंगाच्या शेतातला बाबूसिंग होता, मोतीबाईचा भाचा. त्याने हात हलवून विचारलं, येऊ का? मोतीबाई गेटाच्या गजांना धरून उभी राहिली.

"साहेब, उघडा. ट्रॅक्टर निघून जाईल."

"जाऊ द्या."

"त्या पोरीच्या अंगात ताप हाय."

ओमप्रकाशने तिकडे पाहिलंच नाही. ट्रॅक्टर बराच वेळ घरघरत उभा राहिला आणि मग मागे वळून गेला.

ती पोरगी म्हणजे शितल. सिनेमातली नवरी. दोन वर्षांपूर्वी मंजुषाच्याच वर्गात होती. नाटकात काम करायची, आवाज मोठा गोड. मंजुषा स्वतः साखऱ्याला तिच्या घरी गेली होती, तिच्या आईसमोर, सखुबाईसमोर बसून म्हणाली होती, "माझ्या भरवशावर पाठवा. पंधरा दिवसांत आणून सोडते." आता ती पोर काट्याच्या खोलीमागच्या पडवीत शालीत मुटकुळं करून पडली होती. हातसुद्धा बाहेर काढत नव्हती.

मंजुषाने तिच्या कपाळाला हात लावला. तवा तापावा तसं कपाळ तापलं होतं.

"पावसात भिजल्यानं असंल, मॅडम," शितल डोळे न उघडता म्हणाली.

मंजुषा उठली. इथून बाहेर पडायचं तर कॅसेटी सापडायला हव्यात. पोलीस नाही, फोनला रेंज नाही. तिच्याकडे एक वही होती आणि जुळतंय की नाही हे बघायची सवय.

ती काट्याच्या खोलीत गेली. पूर्वी कापूस तोलायची ती खोली. पेटी कोपऱ्यात तशीच पडलेली. ही पेटी पाचव्या सीनमध्ये नवरीच्या माहेरची पेटी म्हणून वापरली होती. मंजुषाने वहीचं ते पान काढलं. *पेटी मागून. बिजागरीच्या दोन्ही सळयांची वाकडी टोकं उजवीकडे. गंज.*

तिने पेटी फिरवली.

दोन्ही वाकडी टोकं डावीकडे होती. गंजावर हातोडीचे ताजे, चमकते घाव होते.

कुलपाला कोणी हातच लावला नव्हता. पेटी मागून उघडली होती.

३

गंजलेली सळई ठोकून काढायची म्हणजे आवाज होणार. ठण ठण असा, साऱ्या जिनिंगभर घुमणारा. काल दुपारी बारा ते चार तसा आवाज कोणी ऐकला नव्हता. ओमप्रकाश जेवून शेजारच्याच खोलीत आडवा झाला होता.

मंजुषा आधी सटवाजीकडे गेली. तो उसवलेली खाट परत विणत बसला होता. मालकाने जिनिंग बंद केली तरी हा पगार असो नसो इथंच राहिला होता. शूटिंगवाल्यांवर त्याचा पहिल्या दिवसापासून राग.

"सटवाजीमामा, काल दुपारी तुमी कुठं होतात?"

"मागं, भिंतीला. पाणी किती चढलं ते बघून राहिलो होतो. तुमीबी होता की माझ्याजवळ."

खरंच होती. अर्धा तास दोघं भिंतीच्या फटीतून पाणी बघत उभे होते.

"काही आवाज आला होता?"

"जनरेटरचा. दुसरं काय ऐकू येतंय त्या डबड्यापुढं?" त्याने दोरी दाताने ओढली. "तुमचा सिनेमा गेला ते बरं झालं, मॅडम. म्या सांगितलं होतं, त्या खड्ड्यात शूटिंग करू नका."

"कोणत्या खड्ड्यात?"

"कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या. जुन्या काळी एक गडी त्यात अडकून मेला होता. वरचं झाकण सागाचं हाय. कडी लावली की आतल्या माणसाला बाहेर येणं न्हाई."

"पण शूटिंगला कडी लावली नव्हती. ओमभाऊ म्हणाले मला."

सटवाजीचा हात थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं.

"असं म्हणाले व्हय," तो म्हणाला आणि परत विणायला लागला.

चुलीपाशी मोतीबाई बिनफोडणीचं वरण ढवळत होती. काल बारा ते चार ती इथून हलली नव्हती. भाकरी, मग भांडी, मग परत चहा. चूल काट्याच्या खोलीच्या अगदी समोर.

"त्या खोलीत कोण गेलं होतं, मोतीबाई?"

"धूर लई होता. दिसलं न्हाई."

"हळद संपली का? वरण पांढरं दिसतंय."

"संपली."

"इतक्यात? परवा तर पुडा भरलेला होता. तेलाचीही बाटली रिकामी दिसतीय."

मोतीबाईने पळी बाजूला ठेवली. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. वहीत सगळं लिहिता. हळद कशाला लागते ते तुमाला म्या सांगावं?"

४

हळद स्वयंपाकाला लागते, लग्नाला लागते आणि जखमेला लागते.

मंजुषा पडवीत आली. शितलला ग्लानी होती. मंजुषाने शाल हळूच बाजूला केली.

दहाही बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, हळदीने पिवळ्या, मध्ये काळपट. एक चिंधी सुटली होती. खाली नखच नव्हतं. बोट सुजून तट्ट झालं होतं.

मंजुषाने सुटलेली चिंधी परत गुंडाळली. मग वही काढली.

*सीन बावीस. प्रेसचा खड्डा. कॅसेट नऊ. बांगड्या अकरा. नखं लांब, लाल पॉलिश. किंकाळी उत्तम.*

*सीन तेवीस. बांगड्या नाहीत. चूक. शितलला समज दिली.*

*सीन चोवीस. हात पदराखाली. चूक. शितलला समज दिली.*

*सीन सव्वीस. हात मागे. परत चूक.*

मोत्यासारखं अक्षर होतं. कुठं खाडाखोड नव्हती. सगळं तिनेच पाहिलं होतं, सगळं तिनेच लिहिलं होतं.

"शितल," ती म्हणाली, "झाकणाला कडी लावली होती का ग?"

शितलने डोळे उघडले. 

"ते म्हणाले होते, झाकण नुसतं ठेवू. मी म्हटलं चालेल. मग कडीचा आवाज आला. मला वाटलं दोन मिनिटांत काढतील." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "आत काही दिसत नाही, मॅडम. खाली पाणी झिरपत होतं. मी सांगितलं, की मी खरंच ओरडून राहिले, हे सिनेमातलं नाही. किती वेळा सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस नंतर?"

शितलने मान भिंतीकडे वळवली. 

"कॅसेटी तू घेतल्यास?"

"मला उठून पाणी पिता येत नाही," शितल भिंतीला म्हणाली. "हातोडी कशी धरू?"

हातोडी. मंजुषाने बिजागरीबद्दल अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

५

देविदास कळमनुरीचा. बारा वर्षं लग्नं शूट केलेला, अबोल माणूस. तो जनरेटरपाशी बसून दोन्ही बॅटऱ्या चार्ज करत होता.

"देविदासभाऊ, काल दुपारी काय करत होता?"

"हेच. तासभर जनरेटर चालला. तुमी ऐकलाच असंल."

"ऐकला. सगळ्यांनीच ऐकला." मंजुषा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "पण चार वाजता शॉट लावला, तर दोन मिनिटांत कॅमेरा बंद पडला. दुसरी बॅटरी लावली, तीही मेलेली. म्हणून तर ओमभाऊ चिडून पेटीकडे गेले. तासभर चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या एकदम कशा संपतात?"

"जुन्या झाल्यात."

"आज मग काहून चार्ज करताय?"

देविदासने बॅटरीची वायर उगाच चाचपली.

"जनरेटर चालू होता, पण त्याला काही लावलेलंच नव्हतं. तो फक्त आवाजासाठी होता. ओमभाऊ झोपलेले, आमी मागं भिंतीला. मोतीबाई समोर होती, पण तिला धूर दिसला. तुमी सळया काढल्या, कॅसेटी घेतल्या आणि घाईत सळया उलट्या बाजूनं घातल्या. नंतर पोरीला सांगितलंत, घाबरू नको म्हणून."

देविदासने हाताने जनरेटर बंद केला. एकाएकी शांतता पडली आणि ती दोघांनाही नको झाली.

"चार्जर लावायचाच होता," तो म्हणाला. "घाईत विसरलो. चोरी कधी केली न्हाई ना, मॅडम."

"नऊ नंबरचीच का नाही घेतली? चौदाच्या चौदा कशाला?"

"एकच गेली असती तर नाव कोणाचं आलं असतं?" त्याने पडवीकडे मान केली. "त्या खड्ड्याला बाजूनं बारकी खिडकी हाय, गाठ किती दाबली ते बघायची. तिथं कॅमेरा लावला होता. आधी मलाबी वाटलं, पोरगी काय काम करती! मग नखं दिसली. मी म्हटलं, ओमप्रकाश, बस. तो म्हणाला, हेच तर पाहिजे, चालू ठेव. आणि म्या चालू ठेवला." तो थांबला. "ही सीडी गावोगाव विकणार, मॅडम. लोक भजी खात बघणार. माझ्याच हातानं काढलेलं."

"कुठं ठेवल्यात?"

"ते न्हाई सांगत. मला न्या पोलिसात."

"नका सांगू," मंजुषा उठत म्हणाली. "ओमभाऊंनी पिठाचा डबा बघितला, आड बघितला, म्हाताऱ्याची खाट उसवली. एका जागेकडे मात्र फिरकले नाहीत. तिथलं झाकण चारचौघांत उचलायचं म्हणजे कडी दिसणार, ओरखडे दिसणार. तुमाला ते बराबर माहीत होतं."

देविदासने डोळ्यांवर हात ठेवला.

मंजुषा सरळ ओमप्रकाशसमोर जाऊन उभी राहिली. तो गेटाला पाठ लावून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. घर गहाण टाकल्यासारखा दिसत होता आणि कदाचित टाकलंही असेल.

"कॅसेटी कुठं आहेत ते कळलं मला," ती म्हणाली. "आधी चावी द्या."

"आधी कॅसेटी."

"मग बसा इथंच. मीही बसते."

 सूर्य चांगला दोन हात वर सरकला. मग त्याने खिशातून चावी काढली. मंजुषाने ती सटवाजीच्या हातात दिली. साखळी खळाळून खाली पडली, गेट उघडलं, आणि तेव्हाच ती म्हणाली, "सटवाजीमामा, आता प्रेसच्या खड्ड्याचं झाकण काढा."

ओमप्रकाशचा चेहरा राखेसारखा झाला.

"तिथं... तिथं काय असणार?"

"सगळं शोधलंत, तेवढंच सोडलं. काहून?"

६

झाकण उलटं टाकलं तेव्हा आतल्या बाजूला सागाच्या लाकडावर ओरखडे होते. खोल, आणि त्यांत कुठं कुठं लाल पॉलिशचे कण.  खड्ड्यातल्या आकड्याला प्लास्टिकची पिशवी लटकत होती. सटवाजीने ती वर ओढली. चौदा कॅसेटी, कोरड्या.

ओमप्रकाश पुढे झाला, पण मोतीबाई मध्ये येऊन उभी राहिली. जेमतेम पाच फुटांची बाई. तो थांबला.

"जाळून टाकू नववी," देविदास म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"नको."

शितल पडवीच्या खांबाला धरून उभी होती. शाल घसरली होती, हात उघडे होते आणि आज ती ते लपवत नव्हती.

"लावा ती," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघा."

"बाई, काहून तकलीफ करून घेती?" सटवाजी कळवळला.

"लावा."

शूटिंग तपासायला आणलेला चौदा इंची टीव्ही काट्याच्या खोलीत होता. देविदासने जनरेटर सुरू केला, वायर जोडली. सहाही जण त्या खोलीत उभे राहिले, कोणी बसलं नाही. ओमप्रकाश दाराकडे सरकला तर सटवाजीने दार लोटून घेतलं. कडी मात्र लावली नाही.

काळा पडदा. मग हिरवट उजेडात शितलचा चेहरा. वर धप्प आवाज, त्यामागून लोखंड सरकल्याचा आवाज. पहिली किंकाळी सिनेमातली होती. दुसरीही. मग चेहरा बदलला. तो बदललेला मंजुषाला आता, या क्षणी कळला. वर्गात रोज बघितलेला चेहरा होता तो, नवरीचा नव्हता.

"ओमभाऊ, उघडा! खरंच उघडा!" मग खरवडण्याचा आवाज. मग, "मॅडम! मंजुषा मॅडम!"

त्या दिवशी मंजुषा तीस पावलांवर, याच खोलीत बसली होती. बाहेर जनरेटर चालू होता. तिला शब्द ऐकू आले नव्हते, नुसता आवाज आला होता. तिने स्वतःला हे तीन वेळा सांगितलं.

तेवढ्यात टीव्हीतून आणखी एक आवाज आला. लांबून, वरून, जरा हसरा.

"ओमभाऊ, लईच भारी आवाज लागलाय पोरीचा! अजून थोडं घेतलं तरी चालेल बरं का!"

खोलीतल्या कोणीही मंजुषाकडे वळून पाहिलं नाही. पडद्यावरच्या शितलने मात्र मान वर केली, आवाजाच्या दिशेने. आणि ती ओरडायची थांबली. नंतर ती ओरडलीच नाही. नुसती खरवडत राहिली, गुमान, कॅसेट पुढे सरकत होती तोवर.

सव्वीस मिनिटं झाल्यावर देविदासने बटण दाबलं.

ओमप्रकाश भिंतीला टेकून खाली बसला होता. "मला वाटलं नव्हतं," तो म्हणत होता, "इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं." त्याला उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही.

पडवीत मंजुषा शितलसमोर उभी राहिली. 

"तुमाला माझं ऐकू आलं नव्हतं. माहिती आहे मला," शितल म्हणाली. "पण मला तुमचं आलं होतं, मॅडम. म्हणून नाही सांगितलं."

मोतीबाईने ओढ्याकाठी जाऊन वरच्या शेताच्या दिशेने अशी हाक दिली, की बाबूसिंग ट्रॅक्टर घेऊन दहा मिनिटांत आला. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं. देविदासने शितलला उचलून ट्रॉलीत बसवलं आणि तोही चढला. मंजुषा तिच्या शेजारी बसायला गेली आणि थबकली. शितलने बसू नका म्हटलं नाही. बसा असंही म्हटलं नाही. मंजुषा तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसली.

बाळापूरच्या डॉक्टरने बोटं धुतली तेव्हा शितल ओरडली नाही. दोन बोटांचं काही सांगता येत नाही, नांदेडला न्यावं लागेल, असं तो म्हणाला. इंजेक्शन देऊन तिला अर्धा तास झोपवलं. जाग आल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती मागितली असेल, तर ती नववी कॅसेट. देविदासने ती तिच्या मांडीवर ठेवली.

"आता चौकीत जायचं," ती म्हणाली.

चौकीतला जमादार वयस्कर होता. सिनेमाचं प्रकरण म्हटल्यावर आधी त्याला हसू आलं, मग त्याने शितलची बोटं पाहिली आणि कागद पुढे ओढला. कोंडणाऱ्याचं नाव विचारलं. शितलने सांगितलं. कॅमेऱ्यामागे कोण होतं ते विचारलं. देविदास स्वतःच पुढे झाला.

"बरं," जमादाराने पेन झटकलं. "आणि हे चालू असताना तिथं अजून कोण कोण होतं? ज्याला ऐकू आलं, पण जो आला न्हाई?"

शितल टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. 

मंजुषाने खुर्ची पुढे ओढली.

"लिहा," ती म्हणाली आणि आपलं पूर्ण नाव सांगायला लागली.